रंगचक्र वापरायचं कसं: चादर, साडी, भिंत आणि रांगोळीसाठी रंग जुळवण्याची पद्धत

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाने रंगचक्र एकदा तरी काढलेलं असतं. बारा खाने, प्रत्येकात एक रंग, बाहेर आलेला थोडासा ओघळ. संकल्पचित्राच्या पेपरला ‘विरोधी रंगसंगती’ आली तर काय करायचं, ‘एकरंगसंगती’ आली तर काय, एवढं पाठ करून जायचं आणि निकाल लागला की चक्र वहीतच राहायचं. पुढे सोलापूरच्या चाटी गल्लीत साडीवर ब्लाउजपीस शोधताना, पेंटरने शेडकार्ड पुढ्यात टाकल्यावर किंवा मागावर नव्या चादरीचं डिझाइन चढवताना त्याची आठवण कुणाला होत नाही. तिथे सगळा कारभार ‘हे बरं दिसतंय’ वर चालतो.

‘बरं दिसतंय’ हाही निकष वाईट नाही. शहराच्या पूर्व भागातल्या जुन्या मागवाल्यांची नजर इतकी तयार असते की त्यांना चक्राची गरज पडत नाही. ज्यांची नजर अजून तयार व्हायची आहे त्यांच्यासाठी हा लेख. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कोणता रंग कोणाच्या जवळचा आणि कोणाच्या विरोधातला, एवढंच चक्र सांगतं. जुळणी जमली की फसली हे बहुतेक वेळा गडद-फिकेपणावर आणि कोणता रंग किती वापरला यावर ठरतं. म्हणून संगतींच्या नावांत मी फार वेळ घालवणार नाही.

रंगाला तीन प्रश्न विचारा

कोणताही रंग समोर आला की पहिला प्रश्न: हा मुळात कोणत्या घरातला? लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा की जांभळा? दुसरा: फिका की गडद? तिसरा: झगझगीत की मंद? दुकानात ‘लाईट-डार्क’ आणि ‘ब्राइट-डल’ असे दोन जोडशब्द चालतात आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. नेव्ही ब्लू डार्क आहे. राखी निळा डल आहे, पण डार्क असेलच असं नाही. फिक्या रंगात पांढरा मिसळलेला असतो, गडदात काळा, आणि मंद रंगात करडा किंवा त्याच्या समोरचा रंग.

या तीन प्रश्नांची सवय लागली की आपल्या रोजच्या रंगांची ओळख पटायला लागते. मरून म्हणजे गडद लाल. अबोली म्हणजे फिका, गुलाबीकडे झुकलेला नारिंगी. खाकी हा मंद पिवळा. शेवाळी हा गडद आणि मंद पोपटी. आमसुली हा लाल-जांभळा, तोही बराच काळवंडलेला. तपकिरी बघून बहुतेक लोक अडतात, कारण चक्रावर तो कुठेच दिसत नाही. तपकिरी म्हणजे गडद नारिंगी. थोड्या नारिंगी पोस्टर कलरमध्ये काळा मिसळून बघा, तपकिरी तयार होईल. एवढं कळलं की नेव्ही ब्लू पँटवर तपकिरी पट्टा आणि तपकिरी बूट का शोभतात हेही कळतं: नारिंगीच्या समोर निळा असतो.

चक्र स्वतः काढा

मोबाइलवर तयार चक्र मिळतं, तरीही एकदा हाताने काढाच. एक दुपार जाते, पण रंग मिसळताना हाताला जे कळतं ते बघून कळत नाही.

साहित्य फार लागत नाही: जाड ड्रॉइंग शीट, कंपास, गोल ब्रश, दोन भांड्यांत पाणी (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ) आणि पोस्टर कलरच्या तीन बाटल्या. बाटल्या निवडतानाच निम्मी लढाई असते. पिवळा घ्यायचा तो लेमन यलो. लाल घ्यायचा तो क्रिमसन. शेंदराकडे झुकलेला स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन नको. या लालांत पिवळ्याचा अंश असतो, त्यामुळे निळ्याशी मिसळले की जांभळ्याऐवजी चिखल मिळतो. निळ्याला अल्ट्रामरीन घेतला तर जांभळा छान येईल पण हिरवा मळका. प्रशियन ब्लू घेतला तर हिरवा चांगला येईल, जांभळा जरा काळपट. एकच घ्यायचा असेल तर मी प्रशियन घेतो. जमलं तर दोन्ही घ्या, हिरव्यासाठी एक आणि जांभळ्यासाठी दुसरा.

कंपासमध्ये सात सेंटीमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढा. अंतर न बदलता टोक वर्तुळावर ठेवून पुढे पुढे खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होऊन तुम्ही पहिल्या खुणेवर परत याल. शेजारच्या दोन खुणांच्या मधोमध आणखी एक खूण करा, की तीस-तीस अंशांचे बारा भाग झाले. कोनमापक लागत नाही.

आता सगळ्यात वरच्या खान्यात पिवळा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चार खाने मोजून लाल, आणखी चार मोजून निळा. हे तीन प्राथमिक रंग. मग त्यांच्या मधल्या जागा: पिवळा-लालाच्या मधोमध नारिंगी, लाल-निळ्याच्या मधोमध जांभळा, निळा-पिवळ्याच्या मधोमध हिरवा. हे दुय्यम. उरलेल्या सहा खान्यांत शेजारच्या दोघांचं मिश्रण, ते तृतीयक.

मिसळताना नेहमी फिक्यात गडद घाला, गडदात फिका नव्हे. पिवळ्याच्या ढिगात प्रशियन ब्लू ब्रशच्या टोकावर येईल एवढाच घ्या आणि ढवळा. तेवढ्यात ढीग हिरवा होऊ लागतो. उलट केलंत, निळ्यात पिवळा ओतत राहिलात, तर अर्धी बाटली संपेल आणि रंग तरीही निळसरच राहील. दुसरं म्हणजे ओला रंग बघून निर्णय घेऊ नका. पोस्टर कलर वाळल्यावर बदलतो, म्हणून आधी शीटच्या कोपऱ्यात ठिपका लावून वाळू द्या, मग खाना भरा. उन्हाळ्यात सोलापुरात हे मिनिटाभराचं काम आहे.

चक्रावर आपले रंग बसवा

चक्र वाळलं की खान्यांवर पेन्सिलीने आपली नावं लिहा. ‘यलो-ऑरेंज’ लिहिण्यात अर्थ नाही, ते नाव बाजारात उपयोगी पडत नाही. पिवळ्याच्या पुढचा खाना हा पिवळ्या झेंडूचा, मग नारिंगी, मग शेंदरी, मग लाल. लाल आणि जांभळ्याच्या मधला तो राणी. जांभळा आणि निळ्याच्या मधला गोकर्णाच्या फुलाचा. निळा आणि हिरव्याच्या मधला मोरपंखी. हिरवा आणि पिवळ्याच्या मधला पोपटी.

आता समोरासमोरच्या जोड्या वाचा. पिवळा आणि जांभळा. लाल आणि हिरवा. निळा आणि नारिंगी. शेंदरी आणि मोरपंखी. राणी आणि पोपटी. झेंडू आणि गोकर्ण. यातल्या बऱ्याच जोड्या तुमच्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये काठ-पदराला सापडतील.

राणी रंगाची एक गंमत आहे. तो इंद्रधनुष्यात नसतो. न्यूटनने लोलकातून प्रकाश फोडून जो पट्टा मिळवला त्याच्या एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला जांभळा होता. 1704 साली छापलेल्या ग्रंथात त्याने ही दोन टोकं जोडून वर्तुळ केलं. त्या सांध्याच्या जागी येणारे रंग, म्हणजे राणी आणि त्याचे भाऊबंद, लाल आणि जांभळा उजेड एकत्र डोळ्यात शिरला तरच दिसतात.

शाळेतलं लाल-पिवळा-निळा चक्र आणि छापखान्यातलं चक्र यांत थोडा फरक आहे, तो माहीत असावा. फ्लेक्स छापणाऱ्या मशीनमध्ये सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशी शाई असते. त्या हिशोबाने लालाच्या समोर शुद्ध हिरवा येत नाही, निळसर हिरवा येतो. डोळ्याचा कौलही तिकडेच जातो. लाल कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. जो तुकडा तरंगताना दिसेल तो मोरपंखीकडे झुकलेला असेल. म्हणून लाल साडीला विरोधी रंगाचा काठ हवा असेल तर पोपटीकडे जाऊ नका, समुद्री हिरव्याकडे जा.

उष्ण-शीतबद्दल थोडक्यात: पिवळ्यापासून लाल-राणीपर्यंतचे उष्ण, हिरव्यापासून जांभळ्यापर्यंतचे शीत. उष्ण पुढे येतात, शीत मागे सरतात. सरहद्दीवरचे पोपटी आणि जांभळा शेजारी कोण आहे त्याप्रमाणे पक्ष बदलतात.

एकरंगी आणि शेजारचे रंग

एकरंगी संगतीत एकच मूळ रंग घेऊन त्याच्या फिक्या-गडद, मंद-झगझगीत पायऱ्या वापरायच्या. आकाशीपासून नेव्हीपर्यंतचा टॉवेलचा सेट हे त्याचं उदाहरण. यात चूक होणं अवघड. एकच पथ्य: पायऱ्यांत दिसण्याइतकं अंतर ठेवा. फिका गुलाबी आणि त्याहून किंचित कमी फिका गुलाबी शेजारी ठेवलात तर बघणाऱ्याला वाटतं की लॉट बदललाय.

शेजारच्या रंगांच्या संगतीत चक्रावरचे लागोपाठचे तीन, फार तर चार खाने घ्यायचे. पिवळा, झेंडू, नारिंगी, शेंदरी अशी दसऱ्याच्या तोरणातली रांग. तिघांत एकाला मोठेपण द्या, बाकीचे दोन त्याच्या मागे राहू द्या. सगळे सारखे घेतले तर डोळा कुठे टेकवावा कळत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्यांच्या, मार्गावर लांबच लांब रांगोळ्या घातल्या जातात. तुम्ही अशी पायघडी घालणार असाल तर ही संगती सोयीची, कारण हातातल्या दोन रंगांच्या पुड्या एकमेकींत मिसळून मधली छटा जागेवरच करता येते.

समोरासमोरचे रंग: इथे जरा थांबा

विरोधी रंगांचं वागणं दुटप्पी आहे. शेजारी ठेवले तर दोघंही उठून दिसतात, एकमेकांत मिसळले तर दोघंही मरतात. लालात हिरवा कालवला की तपकिरी-करडं काहीतरी होतं हे शाळेतच कळलेलं असतं. पण यंत्रमागावर शेजारी ठेवणं आणि मिसळणं यांतली रेघ पुसट असते, आणि सोलापुरात रंगांची सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते.

ताणा (उभा धागा) लाल आणि बाणा (आडवा धागा) हिरवा घेऊन साधी वीण विणली तर कापडावर लाल-हिरव्याचे बारीक ठिपके तयार होतात. हातात धरून बघाल तर दोन्ही धागे स्वच्छ, झगझगीत. तेच कापड खोलीच्या दुसऱ्या टोकाला टांगा, तर मातकट. कुणी काही मिसळलेलं नसतं, मिसळतो आपला डोळा. चांगली नजर असलेल्या माणसालाही एक मिलिमीटर रुंदीची रेघ साधारण साडेतीन मीटरपलीकडून शेजारच्या रेघेपासून वेगळी काढणं जड जातं. धागा त्याहून बारीक, म्हणजे ठिपके आणखी अलीकडेच एकजीव होतात.

हे पडताळायला माग लागत नाही. जाड पुठ्ठ्याच्या दोन इंच रुंद, सहा इंच लांब पट्ट्या कापा आणि मागच्या बाजूला दुहेरी टेप लावा. कारखान्यातला टाकाऊ धागा मिळाला तर उत्तम, नाहीतर शिलाईच्या रिळाचा दोरा चालेल. पहिल्या पट्टीवर एक वेढा लाल, एक वेढा हिरवा असं घट्ट, फट न ठेवता गुंडाळत जा. दुसऱ्या पट्टीवर दहा वेढे लाल, दहा वेढे हिरवे. तिसरीवर चाळीस वेढे लाल, मग चार हिरवे, पुन्हा चाळीस लाल. तिन्ही पट्ट्या भिंतीला चिकटवा आणि मागे मागे सरका. पहिली पट्टी दोन-चार पावलांत मळते. दुसरी बराच वेळ डोळ्यांना टोचत राहते, कडा थरथरल्यासारख्या वाटतात, आणि मग तीही विरघळू लागते. तिसरी सगळ्यात लांबपर्यंत लालच राहते, आणि हिरवी रेघ त्या लालाला जास्त लाल करते. धागे तेच, रंग तेच, फरक फक्त रुंदीचा आणि प्रमाणाचा. नव्या डिझाइनचा धागा रंगवायला टाकण्याआधी अशा पट्ट्या करून बघणं हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

उलट, ताणा-बाणा चक्रावर शेजारचे घेतले, म्हणजे निळा आणि मोरपंखी किंवा लाल आणि राणी, तर तोच डोळ्यातला मिलाफ उपयोगी पडतो. कापड हलवलं की छटा बदलते. धूपछांव म्हणतात ती हीच.

शेजारच्या रंगाने रंग बदलून दिसण्याचा नियम शोधला तोही एका विणकामाच्या कारखान्यात. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात मिशेल शव्हरल हा रसायनतज्ज्ञ 1824 मध्ये रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथल्या तक्रारींपैकी एक अशी की काळा धागा नीट काळा येत नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीत वापरला की फिका दिसतो. त्याने तपासलं तर काळ्यात खोट नव्हती. शेजारचा निळा आणि जांभळाच त्या काळ्याचा कस काढून घेत होता. 1839 मध्ये त्याने हे सगळं सविस्तर छापलं. म्हणून काळा कच्चा आहे असं सांगून डाईंगवाल्याकडे धाग्याचे कोन परत पाठवण्याआधी तो धागा पांढऱ्या कागदावर एकटा ठेवून बघा. तिथे काळा दिसला तर भांडण धाग्याशी नाही, शेजाऱ्याशी आहे.

प्रमाण: चादर उलटून बघा

प्रमाणाचा पहिला धडा घरातच पडलेला असतो. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली दोनरंगी सोलापुरी चादर घ्या आणि उलटी करा. बऱ्याच चादरींत सुलट बाजूला जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या पार्श्वभूमीचा, जो रंग तो उलट बाजूला नक्षीचा होतो, आणि नक्षीचा रंग जमिनीला जातो. मरून जमिनीवर पांढरी नक्षी असलेली बाजू भारदस्त. तीच उलटली की पांढऱ्यावर मरून, हलकी. धागा तोच आणि नक्षीही तीच, तरी खोलीत दोन वेगळ्या चादरी असल्यासारखं वाटतं.

विरोधी जोड्यांसाठी एक जुना हिशोब आहे, जर्मन कवी गटेच्या मांडणीवरून आलेला, जो कलाशाळांत अजून शिकवतात. झगझगीत पिवळा एक भाग तर जांभळा तीन भाग. नारिंगी एक तर निळा दोन. लाल आणि हिरवा सारखे. पिवळा मुळात इतका उजळ की थोडाच पुरतो. हा हिशोब दोन्ही रंग पूर्ण झगझगीत असतील तेव्हाच लागू. जांभळा फिका केलात की गणित बदललं. दोघांचा समतोल हवा असेल तेव्हाच तो पाळा. एका रंगाचं राज्य हवं असेल तर आठ-नऊ भाग एक आणि एखादा भाग दुसरा असं सरळ करा. माझा स्वतःचा कल याच बाजूला आहे, विशेषतः लाल-हिरव्यात. सारखे घेतले तर ते एकमेकांशी भांडतच राहतात.

भांडण मिटवायचे आणखी दोन मार्ग आहेत. एकाला गडद किंवा मंद करायचं: लालाऐवजी मरून, हिरव्याऐवजी मेंदी. नाहीतर दोघांच्या मधे पांढरी, काळी किंवा सोनेरी रेघ घालायची. साडीत हे काम जरीची रेघ करते, रांगोळीत पांढरी बाह्यरेघ.

उरलेल्या संगती

विरोधी जोडी फार कडक वाटली तर समोरचा रंग सोडून त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना घ्या. निळ्यासमोर नारिंगी येतो. त्याऐवजी झेंडू आणि शेंदरी. विरोध राहतो, धार कमी होते. नवशिक्याने विरोधी संगतीऐवजी इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन.

त्रिकोणी संगतीत चार-चार खान्यांवरचे तीन रंग. लाल-पिवळा-निळा घेतले तर बालवाडीची भिंत होते. नारिंगी-हिरवा-जांभळा जास्त समंजस. दोन्हींत एक रंग मोठा, दुसरा मध्यम आणि तिसरा चिमूटभर ठेवा. चौकोनी म्हणजे चार रंगांच्या संगतीत मी शक्यतो पडत नाही. चार मानकरी सांभाळणं जकार्डच्या मोठ्या नक्षीत जमतं, दिवाणखान्यात नाही.

या सगळ्यांच्या बाहेर उभे असतात पांढरा, काळा, करडा आणि क्रीम. ते कुणाशीही जातात म्हणून लोक त्यांना मोजतच नाहीत, पण खरी जागा तेच व्यापतात. यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी पांढऱ्या बाराबंदीत असतात. त्या पांढऱ्या गर्दीमुळेच ध्वजांवरचे हार आणि रंग लांबून ओळखू येतात. शेकडो लोक रंगीबेरंगी कपड्यांत असते तर ध्वज शोधावा लागला असता. करड्याबद्दल मात्र सावध राहा, तो शेजाऱ्याच्या विरोधी रंगाकडे झुकतो. लालाशेजारी तो हिरवट दिसतो आणि हिरव्याशेजारी लालसर.

काळ्या-पांढऱ्या फोटोची चाळणी

रंग ठरले की सगळे नमुने एकत्र ठेवा, मोबाइलने फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. रंग गेले की उरतो तो फक्त गडद-फिकेपणा. दोन नमुने एकाच करड्या ठोकळ्यासारखे दिसले तर लांबून ते एकमेकांपासून सुटणार नाहीत, चक्रावर कितीही दूर असले तरी. लाल आणि हिरवा इथे हमखास पकडले जातात. झगझगीत पिवळा आणि जांभळा मात्र सहज पास होतात.

दुकानाच्या पाटीला आणि फ्लेक्सला तर ही चाळणी सक्तीची करावी. हिरव्या जमिनीवर लाल अक्षरं रस्त्यापलीकडून वाचता येत नाहीत. शिवाय लाल-हिरव्यात गफलत होणारी माणसं आपल्यात असतातच, स्त्रियांपेक्षा पुरुषांत बरीच जास्त. त्यांना ती पाटी जवळूनही त्रास देते.

एक खोली सुरुवातीपासून

समजा दिवाणावर टाकायला घरात मोरपंखी जमिनीची, क्रीम नक्षीची चादर आहे आणि बाकीची खोली तिच्याभोवती जुळवायची आहे. चादर हीच सुरुवात, कारण भिंतीला कोणताही रंग देता येतो, आवडलेली चादर मात्र पुन्हा मिळेलच असं नाही.

पहिलं काम, चादरीला तीन प्रश्न. घर निळा-हिरवा, मध्यम गडद, बराच झगझगीत. चक्रावर समोर शेंदरी. शेंदरी भिंत कुणी देणार नाही, म्हणून त्याला फिका आणि मंद करा: बदामीच्या आसपासचा रंग येतो. तो विरोधी घरातलाच आहे, फक्त आवाज खाली आणलेला. भिंतीला तो. मोठा भाग झाला.

पडद्यांना चादरीच्या शेजारचा खाना घ्या, निळा, पण चादरीपेक्षा एक पायरी गडद आणि मंद. चादरीइतकाच झगझगीत घेतला तर दोघांत स्पर्धा लागेल. आता काळा-पांढरा फोटो: भिंत फिकी, चादर मध्यम, पडदा गडद. तीन वेगळ्या पायऱ्या दिसल्या म्हणजे ठीक. शेवटी चिमूटभर खरा शेंदरी, एखाद्या उशीच्या अभ्र्यात किंवा कुंडीत. तो दोन ठिकाणी ठेवा. एकाच ठिकाणी ठेवलात तर चुकून पडल्यासारखा वाटतो.

साडी-ब्लाउजला हीच पायरी. साडीच्या मुख्य रंगाला तीन प्रश्न विचारा, विरोधी किंवा शेजारचं घर निवडा, मग फिका-गडद बदला आणि फोटो काढून बघा.

उजेड, लॉट आणि मोबाइलचा पडदा

ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात. दोन धाग्यांत वेगवेगळी रंगद्रव्यं असतील तर एका उजेडात ती सारखी दिसतात, दुसऱ्यात नाही. रंगाई कारखान्यांत यासाठी लाइट बॉक्स असतो, त्यात दिवसाच्या प्रकाशाचा प्रमाणित दिवा (डी 65), दुकानातली ट्यूब आणि पिवळा बल्ब असे उजेड बदलून बघता येतात. आपण दुकानाच्या दारात यायचं, सावलीत उभं राहायचं आणि बघायचं. थेट उन्हात नको. बाराच्या सुमाराचं सोलापुरी ऊन कोणत्याही रंगाचा निम्मा जीव काढून घेतं. आणि तो रंग ज्या उजेडात रोज दिसणार आहे, त्या उजेडातही एकदा बघा.

वीण बदलली तरी रंग बदलतो. एकाच रंगाईतला धागा सपाट विणीत एक दिसतो आणि टेरी टॉवेलच्या फासांत गडद, कारण फासांमध्ये उजेड अडकतो. टॉवेल आणि चादर एका सेटमध्ये द्यायची असेल तर टॉवेलचा धागा जरा फिका रंगवून घ्यावा लागतो.

पांढऱ्या शेजारी लाल, मरून किंवा काळा येणार असेल तर रंग पक्का आहे का ते आधी बघा. ओल्या पांढऱ्या रुमालाने कापड जोरात घासा. रुमाल गुलाबी झाला तर पहिल्या धुण्यात तुमची सगळी संगती एकरंगी होणार.

आणि ऑर्डर देताना रंगाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून काम उरकू नका. दोन मोबाइलचे पडदे एकच रंग सारखा दाखवत नाहीत, त्यात कॅमेरा आपल्या मनाने उजेड दुरुस्त करत असतो. फोटो फक्त कल्पनेसाठी. खात्रीसाठी धाग्याचा बोटभर तुकडा कार्डाला चिकटवा, त्याखाली शेड नंबर, लॉट नंबर आणि तारीख लिहा आणि कार्ड हाताने पोहोचवा. तसंच दुसरं कार्ड करून आपल्याकडे अंधाऱ्या कपाटात ठेवा, कारण खिडकीजवळ टांगलेलं कार्ड उन्हाने उडतं आणि पुढच्या लॉटला उडालेल्या रंगाशीच जुळवाजुळव सुरू होते.